क्षेत्र हा घटक: वि. म. दांडेकर आणि पीकविम्याचा हिशेब

पीकविम्याची रक्कम खात्यावर जमा झाली की गावात एक प्रश्न हमखास निघतो. माझं सोयाबीन पार गेलं, शेजाऱ्याचं बरं होतं, मग दोघांना हेक्टरी सारखीच भरपाई कशी? अनेकांना ही कंपनीची लबाडी किंवा तलाठ्याची चूक वाटते. ती दोन्ही नाही. योजना 'क्षेत्र हा घटक' धरून चालते, म्हणजे भरपाई एकेका शेतावर न ठरता महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पादनावर ठरते. भारतात ही रचना अमलात आली ती विनायक महादेव दांडेकर यांच्या मांडणीतून. ती का स्वीकारावी लागली, तिचे भाग कोणते आणि ती कुठे मोडते, याचा हा अभ्यास.

दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्याचा. शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांचं आयुष्य गेलं आणि १९६६ ते १९८० ते तिचे संचालक होते. सुरुवातीची कामं पाहिली तर माणूस कसा घडला ते कळतं. कुमुदिनी दांडेकरांबरोबर पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची पाहणी (१९५३), मग ग. ज. खुदानपूर यांच्याबरोबर मुंबई कुळकायदा प्रत्यक्षात कसा चालला याची चौकशी (१९५७). दोन्ही कामं गावोगाव माणसं पाठवून, नमुना निवडून, तक्ते भरून केलेली. कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा सातबाऱ्यावर आणि बांधावर काय घडलं, हे आधी पाहायचं, ही त्यांची सवय तिथली.

देशभर नाव झालं ते नीळकंठ रथ यांच्याबरोबर केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासामुळे. जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या दोन अंकांत तो छापून आला. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च कोणत्या थरातली कुटुंबं करतात, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांतून शोधून त्यांनी रेषा आखली: १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली ग्रामीण लोकसंख्येचा सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येचा सुमारे ५० टक्के भाग सापडला. याच उष्मांकांच्या मापावरून पुढे पां. वा. सुखात्मे यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. सुखात्मेही सातारा जिल्ह्यातलेच, आणि नमुना पद्धतीने पीक कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याची जी पद्धत आज पीकविम्याचा कणा आहे, तिच्या उभारणीत व्ही. जी. पानसे यांच्याबरोबर त्यांचा मोठा वाटा. उपासमार कशी मोजायची यावर भांडणारे दोघे पीकविम्याच्या प्रकरणात असे एकमेकांना पूरक ठरले.

१९७६ पर्यंतची कोंडी

कल्पना नवी नव्हती. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्तींनी १९२० मध्येच पावसावर आधारित, क्षेत्रनिहाय शेती विम्याची योजना मांडली होती. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये केंद्राने विधेयकाचा मसुदा केला. तो राज्यांकडे फिरला आणि खर्चापायी अडला. १९७० मध्ये धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली, आणि नजीकच्या काळात पीकविमा आणणं योग्य नाही, असा तिचा निष्कर्ष आला.

तरी प्रयोग झाला. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ या संकर कापसावर व्यक्तिनिहाय विमा सुरू झाला. पुढे काही राज्यं आणि भुईमूग, गहू, बटाटा ही पिकं जोडली. १९७८-७९ पर्यंत तो चालला. सगळ्या वर्षांत मिळून विमा उतरवलेले शेतकरी ३,११०. गोळा झालेला हप्ता ४.५४ लाख रुपये, दिलेली भरपाई ३७.८८ लाख. रुपयाला सव्वाआठ रुपयांहून जास्त.

हे का झालं ते नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी रचना या अपयशाच्या उत्तरासाठी आहे. एका शेताचा विमा उतरवायचा तर त्या शेताचं नेहमीचं उत्पादन आधी ठाऊक हवं. आठ-दहा वर्षांचा असा हिशेब कुठल्या शेतकऱ्याकडे लिहून असतो? नसतो, म्हणून अंदाज धरला जातो आणि तो वरच धरला जातो. दुसरं, नुकसान झाल्यावर प्रत्येक शेतावर कोणीतरी जाऊन पाहणी करायला हवी. दोन एकरांच्या तुकड्यावर तो खर्चच हप्त्याहून जास्त होतो. तिसरं, ज्याची जमीन हलकी, पाण्याचा भरवसा नाही, तोच विमा घ्यायला पुढे येतो. चौथं, पीक अर्धं गेल्यावर उरलेल्या अर्ध्यासाठी खुरपणी-फवारणीचा खर्च करायचा की भरपाईची वाट पाहायची, या हिशेबात विमा शेतकऱ्याला चुकीच्या बाजूला ढकलतो. यात शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. रचनाच तशी आहे.

दांडेकरांनी काय बदललं

१९७६ मध्ये दांडेकरांनी मांडलेला मुद्दा असा: शेत मोजूच नका, क्षेत्र मोजा. पाऊस, कीड, दुष्काळ यांच्या बाबतीत सारख्या स्वभावाचा, ज्याचं उत्पादन वर्षागणिक एकसारखं खालीवर होतं असा भाग एक घटक धरायचा. त्या भागातल्या त्या पिकाच्या सगळ्या विमाधारकांना हप्त्याचा दर एक आणि भरपाईचा दरही एक. भागाची सरासरी ठरलेल्या पातळीखाली गेली की सगळ्यांना मिळणार, नाही गेली तर कोणालाच नाही.

वरच्या चारपैकी तीन प्रश्न याने एका फटक्यात सुटतात. शेतनिहाय नोंदी नसल्या तरी चालतं, कारण तालुक्याच्या उत्पादनाचे जुने आकडे सरकारकडे असतात. शेतावर जाऊन पंचनामा नको. थोडी शेतं नमुना म्हणून निवडून कापली की भागतं. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे मेहनतीची किंमत कमी होत नाही. मंडळाची सरासरी पडली आणि एखाद्याने पीक जगवलं, तर त्याला पीकही मिळतं आणि भरपाईही. पीक सोडून देणाऱ्याला जास्त काही मिळत नाही. राहिला जोखमीची जमीनच विम्यात येण्याचा प्रश्न. त्यावर उपाय म्हणजे विमा पीककर्जाला जोडणं. कर्ज घेणारा प्रत्येक जण आपोआप विम्यात, हप्ता कर्जातूनच कापला जाणार, भरपाई कर्जखात्यावर. स्वतंत्र कार्यालयं, एजंट, वसुली काहीच लागत नाही, आणि दुष्काळात सोसायटी बुडत नाही.

दारिद्र्याच्या अभ्यासाशी याचं नातं उघड आहे. रेषेखालच्या माणसाला एक बुडालेला हंगाम पुन्हा सावकाराकडे नेतो. तो फेरा कर्जमाफीने थांबत नाही, पुढच्या हंगामाला कर्ज उपलब्ध ठेवण्याने थांबतो, आणि ते काम बिनबोभाट करणारी यंत्रणा म्हणजे कर्जाशी जोडलेला विमा.

१९७९ मध्ये सर्वसाधारण विमा महामंडळाने या मांडणीवर प्रायोगिक योजना सुरू केली. कर्जदारांपुरती, ऐच्छिक, जोखीम महामंडळ आणि राज्य यांच्यात २:१. १३ राज्यांतले ६.२७ लाख शेतकरी आले. हप्ता १९६.९५ लाख, भरपाई १५७.०५ लाख रुपये. एच-४ च्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवला की फरक समजायला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

यंत्र आतून कसं चालतं

आजच्या नियमांनी एक उदाहरण करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एका मंडळाचं सोयाबीनचं सात वर्षांचं सरासरी उत्पादन, किलो प्रति हेक्टर: १,२५०, ९००, १,४००, ६००, १,१००, १,३००, १,१५०. यातली सर्वोत्तम पाच वर्षं घ्यायची. बेरीज ६,२००, सरासरी १,२४०. महाराष्ट्रात जोखीमस्तर, म्हणजे या सरासरीचा विम्याने हमी दिलेला भाग, ७० टक्के. म्हणून उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याखाली गेल्यावर भरपाई सुरू होते ती पातळी, ८६८ किलो. यंदाचं पीक कापणी प्रयोगांवरून आलेलं सरासरी उत्पादन ६५० निघालं. तूट २१८ किलो, म्हणजे उंबरठ्याच्या २५.१ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर भरपाई सुमारे १२,५५८ रुपये.

याच मंडळात ज्याला १,१०० किलो झालं त्यालाही १२,५५८ आणि ज्याला २०० झालं त्यालाही तेवढेच. आणि मंडळाची सरासरी ९०० आली, तर २०० किलोवाल्यालाही शून्य. शिवाय लक्षात घ्या, नेहमीच्या १,२४० वरून ८६८ पर्यंतची घसरण शेतकऱ्याने स्वतः सोसायची असते. पीक ३० टक्के जाईपर्यंत विमा हलत नाही. ७० टक्क्यांच्या जोखीमस्तराबद्दलची नाराजी इथून येते आणि ती रास्त आहे.

आता हे ६५० आलं कुठून? त्यासाठी पीक कापणी प्रयोग जवळून पाहावा लागतो, कारण सगळी योजना या एका आकड्यावर उभी आहे.

मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग होतात. तालुका घटक असेल तर १६, जिल्हा असेल तर २४, ग्रामपंचायत असेल तर ४. गावं आणि त्यातली शेतं यादृच्छिक अंकांनी आधीच निवडलेली असतात. शेतावर गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदी मोजायची, पुन्हा यादृच्छिक अंकांनी आतला बिंदू काढायचा आणि तिथून बहुतेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखायचा. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्णावरून कळतं: दोन्ही कर्ण ११.१८ मीटर भरले पाहिजेत. खुंट्या ठोकून दोरी ताणायची. दोरीवर आलेलं रोप बुंधा अर्ध्याहून जास्त आत असेल तरच आत धरायचं. मग कापणी, मळणी, उफणणी आणि वजन, सगळं तिथल्या तिथे. थोडा नमुना वाळवायला ठेवून पुन्हा तोलायचा.

प्लॉट ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. किलोतलं वजन गुणिले २०० की हेक्टरी उत्पादन. आपल्या उदाहरणात प्लॉटमागे सरासरी ३.२५ किलो वाळलेलं सोयाबीन. आता समजा वाळवणीचा टप्पा सगळीकडे गाळला आणि दाण्यात १२ ऐवजी २० टक्के ओलावा असतानाचंच वजन लिहिलं. ते ३.५७५ किलो भरेल. उत्पादन ७१५ होईल, तूट १५३ वर येईल आणि भरपाई १२,५५८ वरून ८,८१३ वर. कोणी खोटं लिहिलं नाही, कोणी लाच घेतली नाही, फक्त पोतं उन्हात ठेवलं नाही, आणि मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी जवळपास पावणेचार हजार रुपये गेले. ऑक्टोबरात कापणीच्या वेळी पाऊस लागला की हा धोका सर्वाधिक असतो.

दुसऱ्या चुकाही ओळखीच्या आहेत. अंकांनी निघालेला बिंदू शेताच्या चिबडलेल्या भागात आला म्हणून प्लॉट चांगल्या जागी सरकवणं. किंवा उलट, गावाला भरपाई मिळावी म्हणून विरळ जागा धरणं. निवडलेल्या शेतकऱ्याने आधीच कापणी केली म्हणून बांधावरून अंदाजाने आकडा लिहिणं. नजर पैसेवारीची, म्हणजे नुसतं पाहून पिकाचा अंदाज बांधण्याची, आपल्याकडची सवय जुनी आहे, ती इथे शिरली की प्रयोगाला अर्थ उरत नाही. नजर पैसेवारी हा महसूल माफीसाठीचा अंदाज. पीक कापणी हे तराजूवरचं मोजमाप. एकावर महसुलातली सवलत ठरते, दुसऱ्यावर पैसे वाटले जातात. दोन्हीत गल्लत करून चालत नाही.

घटक लहान करण्याची किंमत

'मंडळ फार मोठं, गाव हा घटक धरा' ही मागणी जवळपास प्रत्येक खरीप हंगामानंतर होते. मागणी योग्य आहे. घटक जितका लहान, तितकी शेतकऱ्याच्या स्वतःच्या नुकसानीशी भरपाई जुळते. पण दांडेकरांसारखा संख्याशास्त्रज्ञ लगेच विचारेल की प्रयोग किती आणि ते करणार कोण.

आठ मंडळांचा तालुका, चार अधिसूचित (विम्यासाठी सरकारने जाहीर केलेली) पिकं: प्रत्येकी १० प्रमाणे ३२० प्रयोग. त्याच तालुक्यात ८० ग्रामपंचायती असतील आणि गाव घटक केला तर प्रत्येकी ४ प्रमाणे १,२८०. ही कामं कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक यांनी नेहमीची कामं सांभाळून, कापणीच्या दोन-तीन आठवड्यांत करायची. प्रयोग चौपट होतात, माणसं तेवढीच राहतात. मग आकडे कार्यालयात बसून भरले जातात.

शिवाय अचूकताही घटते. प्लॉटाप्लॉटांत ४० टक्के चढउतार धरला, तर १० प्रयोगांच्या सरासरीत सुमारे १२.६ टक्के प्रमाण त्रुटी (सरासरी खऱ्या आकड्यापासून साधारण किती ढळू शकते त्याचं माप) राहते, ४ प्रयोगांत २० टक्के. म्हणजे गावाची सरासरी गावाच्या जास्त जवळची, पण ती स्वतःच जास्त डळमळीत. हा पेच घोषणेने सुटत नाही. प्रयोग करणारी प्रशिक्षित माणसं वाढवली तरच सुटतो. भात आणि गव्हासाठी २०२३ पासून उपग्रह आणि तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला किमान ३० टक्के भारांकन द्यायला सुरुवात झाली ती याच अडचणीपोटी. चांगली दिशा आहे, पण तेही अंदाज खऱ्या पीक कापणीवरच तपासावे लागतात. आकडेच कार्यालयात भरलेले असतील तर उपग्रह कशावर तपासणार?

योजना मोठी झाली आणि हिशेब बिघडला

१९८५ च्या खरिपापासून सर्वंकष पीकविमा योजना देशभर आली. कर्जदारांना सक्तीची. हप्ता तृणधान्यांना २ टक्के, कडधान्यं-तेलबियांना १ टक्का, लहान शेतकऱ्यांना त्यातही निम्मी सवलत. क्षेत्राचं तत्त्व दांडेकरांचं, पण दर सगळ्या देशाला एक. बागायती भाताच्या तालुक्याला तोच आणि कोरडवाहू सौराष्ट्रातल्या भुईमुगालाही त्याच पद्धतीचा ठरीव दर. जोखीम दसपट आणि हप्ता निम्मा, असं झाल्यावर नुकसान कुठे साचणार हे आधीच दिसत होतं. १९९९ पर्यंत ७६३ लाख शेतकरी सहभागी झाले, हप्ता ४०३.५६ कोटी, भरपाई २,३०३.४५ कोटी. त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या गुजरातेत गेली.

शेताच्या पातळीवरचा जोखीम-निवडीचा, म्हणजे जास्त जोखमीचेच विम्यात येण्याचा, प्रश्न क्षेत्राच्या तत्त्वाने आणि कर्जाशी जोडणीने मिटवला होता. तो आता राज्य आणि पिकाच्या पातळीवर परत आला, कारण कोणती पिकं आणि कोणते तालुके अधिसूचित करायचे हे राज्यं ठरवत होती. मोजमापाच्या घटकाइतकंच हप्त्याचा दर त्या घटकाच्या जोखमीशी बांधणं गरजेचं आहे, ही दुसरी अट सरकारने सोडली. शेतकऱ्याला सवलत द्यायला हरकत कसली? ती जरूर द्यावी. पण खरा दर आधी काढावा आणि सरकारने आपला वाटा उघडपणे भरावा. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हे निदान रचनेपुरतं झालं: क्षेत्रनिहाय विमागणिती (जोखमीवरून गणिताने काढलेला) दर, शेतकऱ्याचा वाटा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५, बाकीचा केंद्र आणि राज्याचा.

पण त्याच योजनेत व्यक्तिनिहाय पाहणी मागच्या दाराने परतली. गारपीट, शेतात पाणी साचणं, काढणीनंतर १४ दिवसांत शेतात वाळत पडलेल्या पिकाचं नुकसान, यासाठी ७२ तासांत सूचना द्यायची आणि शेतावर पंचनामा व्हायचा. गारपीट खरंच एका शिवारावर पडते आणि दुसरं सोडते, त्यामुळे तिथे क्षेत्राची सरासरी अन्याय करते. ही सोय ठेवण्यामागचं कारण खोटं नाही. पण एका आठवड्यात लाखो सूचना आल्या की १९७२ चा जुना प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो: पाहणीला माणसं कुठून आणायची, पिकाची अवस्था कोणी ठरवायची, आणि पंधरा दिवसांनी आलेल्याला काय दिसणार.

महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात विमा दिला. अर्जांचा पूर आला. त्यात दुसऱ्याच्या किंवा लागवडच नसलेल्या जमिनीवरचे अर्जही निघाले. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली, शेतकरी हिस्सा पुन्हा २, दीड आणि ५ टक्क्यांवर नेला आणि भरपाई फक्त मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवली. म्हणजे १९७६ च्या मांडणीवर योजना परत आली. गारपीटग्रस्तांचं मात्र यात नुकसान आहे आणि त्यांच्यासाठी वेगळी तरतूद न करता हे करणं, हा आमच्या मते निर्णयाचा कच्चा भाग आहे.

दांडेकरांनी पुढे १९८३-८४ मध्ये महाराष्ट्राच्या प्रादेशिक अनुशेषाचं मापनही याच रीतीने केलं: जिल्हा हा घटक, रस्ते-सिंचन-शाळा-दवाखाने अशा क्षेत्रांची राज्य सरासरी, आणि जो जिल्हा तिच्याखाली त्याला सरासरीवर आणण्याचा खर्च. एकूण आकडा सुमारे ३,१८६ कोटी निघाला आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. ३० जुलै १९९५ रोजी त्यांचं निधन झालं.

आता भरपाईचा मुख्य भार पीक कापणीवर आल्याने शेतकरी आणि शेतकरी संघटनांनी लक्ष द्यायची जागाही बदलली आहे. कंपनीच्या दारात डिसेंबरात मोर्चा नेण्यापेक्षा ऑक्टोबरात प्रयोगाच्या शेतावर दोन माणसं उभी राहणं जास्त उपयोगाचं. आपल्या मंडळात कोणत्या गावांत, कोणत्या गटांत प्रयोग ठरले आहेत ही यादी कृषी कार्यालयातून आधी मागावी. विमा कंपनीचा माणूस तिथे साक्षीला असतो, मग गावचा का नसावा? बिंदू यादीतल्या अंकांनीच काढला का, कर्ण मोजले का, काटा शून्यावर होता का, हे पाहावं. ओल्या वजनाची नोंद आणि वाळवलेल्या नमुन्याची नोंद वेगवेगळी झाली का, हे सर्वांत आधी विचारावं. आणि मंडळाचं सरासरी उत्पादन जाहीर झाल्यावर मागच्या सात वर्षांचे आकडे घेऊन वर केलेला हिशेब कागदावर स्वतः करून पाहावा. चौथी-पाचवीच्या गणिताहून जास्त त्यात काही नाही.